पणजोबा ऊर्फ कोण?

किनवटच्या दादाचा फोन सकाळी सातच्या आत आला की समजायचं, एक तर कुणीतरी गेलं आहे किंवा कुठला तरी कागद हवा आहे. त्या दिवशी कागद हवा होता.

"आपल्या पणजोबांचं नाव काय रे?"

मी दात घासत होतो. तोंडात फेस तसाच धरून मी आठवायला लागलो आणि लक्षात आलं की आपल्याला ते ठाऊकच नाही. ज्या माणसामुळे मी तेलंगणातल्या मंचेरियलमध्ये जन्मलो, ज्यानं लावलेल्या चिंचेखाली आजही आमची स्कूटर उभी असते, ज्याच्या नावानं दर पितृपक्षात मी चार वडे जास्त खातो, त्याचं नावच मला माहीत नव्हतं.

"डेपोवाले आबा," मी म्हणालो.

"ती झाली हाक. कागदावरचं सांग."

"तुमच्याकडे काय म्हणतात त्यांना?"

"बिडीवाला बाबा," दादा म्हणाला, आणि दोन्ही राज्यांत थोडा वेळ शांतता पसरली.

दादाला वंशावळ हवी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला. तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी इतिहास संशोधक मंडळं निघाली आहेत. ज्यांनी शाळेत इतिहासाचं पुस्तक फक्त पावसात डोक्यावर धरायला वापरलं, ते आता खासरा, सेतवार, मोडी असे शब्द चहाच्या टपरीवर वापरतात. साहेबाच्या देशात म्हणे माणूस निवृत्त झाला की छंद म्हणून घराण्याचा इतिहास शोधायला बसतो. आपल्याकडे पूर्वजांची आठवण दाखल्याची मुदत संपायच्या तीन दिवस आधी येते, आणि तीही दुसऱ्याला फोन करून.

आता किनवटच्या दाखल्याला मंचेरियलचा कागद कशाला? तर किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो, आणि राज्याची हद्द बरोबर आमच्या घराण्याच्या मधून गेली. पणजोबांचा थोरला मुलगा शेतीवर गावीच राहिला होता, त्याचा नातू दादा. धाकट्या दोघांना घेऊन पणजोबा मंचेरियलला आले होते. काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला, सागवानाचे ओंडके वॅगनीत भरून जायला लागले आणि लाकडाच्या डेपोला ओंडक्यांवर नंबर घालणारी माणसं लागली. तर कागद इकडे, गरज तिकडे, आणि मधे मी, तोंडात फेस घेऊन.

मी वही काढून बसलो. दुपारपर्यंत माझ्या वहीत सदतीस नातेवाईक जमले आणि त्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं. नाना होते, तात्या होते, दोन अण्णा होते, थोरले बापू, धाकटे बापू आणि नुसतेच बापू होते. एक 'बाबू' होते, ते थोरल्या बापूंचे वडील. एका आत्याचं नाव 'माय' होतं, कारण तिला तिचे भाऊ माय म्हणत, आणि जी खरोखर त्यांची माय होती तिला सगळे 'वहिनी' म्हणत, कारण तिचा दीर तसं म्हणे. हे वाचून एखाद्या परक्या माणसाला वाटेल की आमच्या घरात काहीतरी भानगड आहे. भानगड एवढीच, की आम्ही नाव ही चीज बारशाच्या दिवशी एकदा वापरतो आणि मग नव्या भांड्यासारखी फडताळात ठेवून देतो. रोजच्या वापराला वेगळं.

आणि हे काही आमच्याच घरचं नाही. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पण देशभर गाजलं ते 'बाळ'. नाना फडणवीस हे बाळाजी जनार्दन भानू, तात्या टोपे हे रामचंद्र पांडुरंग. आमच्या रुळावरच पुढे वरोरा लागतं, तिथे आनंदवन उभं करणारे मुरलीधर देवीदास आमटे. वरोऱ्याच्या स्टेशनात उतरून 'मुरलीधरपंतांकडे जायचंय' म्हणालात तर रिक्षावाला तुम्हाला देवळात नेऊन सोडील. बाबा म्हणा, बरोबर पोचता. मराठी इतिहासातले अर्धे पराक्रम अशा माणसांनी केले आहेत, ज्यांना आधार कार्डाच्या खिडकीवरून परत पाठवलं असतं.

बरं, पाळण्यातलं नावही एक असेल तर शपथ. शास्त्राप्रमाणे एका पोराला चार नावं: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. त्यातलं नक्षत्राचं कुणाला सांगायचं नाही, नाहीतर करणी होते. बायकांची तर गोष्टच निराळी. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनी बाई संपली. कल्याणची यमुना १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली, पण 'यमुना' म्हणून शोधत बसाल तर ती नवव्या वर्षीच गडप झालेली दिसेल. पदवी मिळाली ती आनंदीबाई जोशींना. माझ्या वहीत एका आजीची तीन नावं निघाली, माहेरची गोदू, सासरची लक्ष्मी आणि रेशन कार्डावरची 'लच्चव्वा'. मी आधी तीन वेगवेगळ्या आज्या धरल्या होत्या आणि आजोबांविषयी माझं मत उगाच गढूळ झालं होतं.

यापेक्षा कठीण मामला होता तो वाईट नावांचा. वहीच्या तिसऱ्या पानावर दगडू होते, धोंडू होते, केरबा होते. कवडू तर दोन होते. चंद्रपूर आणि आदिलाबादकडे ज्याचं बालपण गेलं त्याला कवडू माहीत नाही असं होणार नाही. आधीची पोरं जगली नाहीत की नव्या पोराला शेजारणीला कवडीला विकायचं, म्हणजे ते आपलं राहिलं नाही, आणि मग गुपचूप परत आणायचं. कुणी पाच पायल्या ज्वारीला विकत, कुणी नाक टोचून मुलगी असल्याची बतावणी करत, तो नथ्थू. कुणी सुईणीकडून भिक्षा म्हणून मागून घेत, तो भिकू, आणि हाच माणूस तेलुगू घरात जन्मला की भिक्षपती. कुणी फाटक्या चिंध्यांत गुंडाळत, तो चिंधू. कुणी सरळ उकिरड्यावर ठेवून उचलून आणत, तो उकंडा. सगळ्याचा हेतू एकच: सटवाईनं किंवा यमाच्या माणसानं यादी घेऊन दारात यावं, 'इथे काय आहे?' विचारावं, घरच्यांनी 'काही नाही, दगड आहे' म्हणावं, आणि त्यानं कंटाळून पुढच्या घरी जावं.

चिनी खेड्यांतही पोराला 'कुत्र्यानं टाकलेलं' अशा अर्थाचं नाव ठेवत असत. इंग्रजांचं उलटं. त्यांच्याकडे देवभोळ्या मंडळींनी पोरांना आख्ख्या प्रार्थना नाव म्हणून लावल्या. १६५३ साली लंडनमधल्या एका पार्लमेंटला ज्या कातडीच्या व्यापाऱ्याचं नाव पडलं, तो प्रेझगॉड बेअरबोन, म्हणजे 'देवाची स्तुती करा उघडेहाडे'. देवाला खूश करायचं की यमाला गंडवायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मला आपलं गंडवणं जास्त व्यवहारी वाटतं.

आणि दगडू-धोंडूला हसायचं कारण नाही. १८५७ चे नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. १९७८ साली 'बलुतं' लिहून मराठी वाचकाची झोप उडवणारे दया पवार हे कागदावर दगडू मारुती पवार. पुण्यात नवसाला पावणारा गणपती एका दगडूशेठ हलवायांचा. म्हणजे यम चकला तो चकलाच, वर लोकांनी रांगा लावल्या.

सगळ्याच वाईट नावांत अशी माया नसे, हेही खरं. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या चिंधीच्या पुढे सिंधुताई सपकाळ झाल्या, तिचं नाव यमाला चकवायला ठेवलेलं नव्हतं. आणि सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून २८० हून जास्त मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशी. दगडूला दगड म्हणताना आई डोळा मारत होती. नकुशीला हाक मारताना कुणी डोळा मारला नव्हता.

असो. माझी अडचण निराळी होती. नाव असं ठेवलं की यमाच्या दप्तरात माणूस सापडू नये, आणि ते इतकं चोख ठेवलं की पणतूलाही सापडेना.

पेटी काढली. डेपोवाल्या आबांची लोखंडी पेटी आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात एक अडकित्ता, ओंडक्यांवर ठोकायचा हातोडा आणि कागदांची एक सुरळी. त्यांतला एक कागद उर्दूत. सरकारी, शिक्क्याचा. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढला, कागद नाकाला लावला, मग चष्मा लावून कागद लांब धरला.

"लकडी के डेपो का परवाना है. तारीख बहमन महिना, सन तेराशे एकतालीस."

मी घाईघाईनं दादाला कळवलं. दादानं मनातल्या मनात हिशेब केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे ज्ञानेश्वरांनी समाधी घेतल्यावर पंचेचाळीस वर्षांनी?"

पुढचा अर्धा तास आमचं घराणं यादवकालीन होतं. दादानं मोबाईलवरच्या गटात तसं टाकलंसुद्धा, आणि पुण्याच्या एका भाच्यानं त्यावर भगवा झेंडा चिकटवला. मग मास्तरांनी सांगितलं की हा फसली सन आहे, त्यात पाचशे नव्वद मिळवायचे. बहमन १३४१ म्हणजे १९३१-३२ चा हिवाळा. घराणं एका बेरजेत सहा शतकं अलीकडे आलं. भाच्याचा झेंडा मात्र अजून तिथेच आहे.

"और नाम?" मी विचारलं.

इथे मास्तर घुटमळले. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्यानं आपल्या पदरचे घालायचे. बाबू आणि बापू यांच्यात फक्त नुक्त्यांचा फरक, आणि कारकुनाला डुलकी लागली तर तोही नाही. क आणि ग यांच्यात एका रेघेचं अंतर, तीही घाईत राहून जाते. 'चंदू' आणि 'चिंधू' ही नावं शाई जरा पसरली की जुळी भावंडं. आमच्या कागदावर पहिला अलिफ होता, म्हणजे अ, इ, उ, जे हवं ते. पुढे काफ, मग नून, मग डाल, मग पुन्हा अलिफ.

"अकंडा… इकंडा…" मास्तर पुटपुटले. "अखंडा भी हो सकता. लिखनेवाला जल्दी में था."

मी 'अखंडा' तेवढं ऐकलं. दादाला फोन लावला. दादाचा आवाज एकदम रुंद झाला.

"अखंडराव! मला वाटलंच होतं रे. बाबा सांगायचे, आपलं घराणं साधं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत गटावर श्रीमंत अखंडराव झाले होते. त्यांच्या नावानं पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाचं नाव ठेवावं असाही ठराव पुढे आला. सध्या घराण्यात जी पोरं जन्मतात त्यांची नावं रिआन, विवान, अयांश अशी असतात. अर्थ विचारला की आईबाप मोबाईल काढतात. घरात मात्र त्यांना अनुक्रमे गोट्या, ढब्बू आणि चिंगळ्या म्हणतात. पन्नास वर्षांनी त्यांचा पणतू कागद काढील तेव्हा त्याची काय दशा होईल, ते एक तो अलिफच जाणे.

पण कचेरीला एक कागद पुरत नाही. किनवटच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात दादाच्या आजोबांच्या वडिलांचं नाव नुसतं 'आबाजी' होतं, जन्मतारीख १ जून. (गुरुजींना पोराची जन्मतारीख कळली नाही की ते १ जून लिहीत. त्या हिशेबानं निम्मा मराठवाडा एकाच रात्री जन्मला.) आबाजी आणि अखंडराव एकच, हे सिद्ध करायला तिसरा कागद हवा, असं दादाला सांगण्यात आलं. म्हणून मी गावाबाहेरच्या आमच्या दोन एकरांच्या तुकड्याची १९५४-५५ च्या खासरा पहाणीची नक्कल काढली. तिच्यात अखंडराव नव्हते. आबाजीही नव्हते. पट्टेदाराच्या रकान्यात होता कुणीतरी 'पेंटय्या'.

मी म्हटलं, चला, जमीनपण गेली.

तसं आमच्याकडे नावानं माणूस ओळखायची पद्धत नाही. तेलुगूत आडनाव आधी, त्याला 'इंटिपेरु' म्हणतात, घराचं नाव, आणि तेही एका अक्षरात आटपायचं. शाळेत घालताना मास्तरांनी वडिलांना विचारलं, इंटिपेरु काय? वडिलांनी आडनाव सांगितलं. त्याचं एक अक्षर पुढे लागलं, वडिलांचं नाव मधून गळालं आणि शेवटी मास्तरांनी आपल्या पदरचं 'राव' चिकटवलं, कारण मराठी माणूस म्हणजे राव असणारच. घरी मी बंडू, पत्रिकेत विनायक, दहावीच्या मेमोवर बी. विनायक राव. दादा आजही चिडवतो, "तू राव कधी झालास रे? आम्हाला तर कुणी केलं नाही."

पण आमच्या गावात याहून थोर कारभार आहे, तो कोळशाचा. सिंगरेणी या कंपनीचं नावच मुळात खम्मम जिल्ह्यातल्या एका गावाचं, खाणी मात्र मंदमर्री, श्रीरामपूर, बेल्लमपल्लीला. तेव्हा नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, हा धडा पाटीपासूनच सुरू होतो. खाणीत 'मारुपेरु' हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. मारुपेरु म्हणजे बदली नाव. फार वर्षांपूर्वी कुणाच्या नावावर नोकरी निघाली, तो आला नाही, आणि त्याच्या नावावर दुसराच कुणीतरी दिवा घेऊन खाणीत उतरला. तीस-तीस वर्षं उतरला. हजेरीपटावर एक, घरी दुसरा. पगार घेणारा राजय्या, जेवणारा ओदेलू. बायको कुंकू कुणाच्या नावाचं लावते, ते तिचं तिला माहीत. सगळं सुरळीत चालतं, ते थेट वारसाहक्कानं मुलाला नोकरी लावायची वेळ येईपर्यंत. तेव्हा पोरगा शाळेच्या कागदावर ओदेलूचा आणि नोकरी राजय्याची. बापाला आपण स्वतःच आहोत हे शपथेवर सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की आजवर आपण स्वतः नव्हतो हेही कबूल करावं लागतं. कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत हा विषय वर्षानुवर्षं आहे. खाणीत खाली अंधार असतो म्हणतात. वर रजिस्टरातही फार उजेड नाही.

या सगळ्या कागदी गोंधळात मला हेवा वाटतो तो गोंड मंडळींचा. त्यांच्या घराण्यांचा इतिहास परधान सांगतात, किकरी वाजवत, तोंडपाठ. गंमत म्हणजे आदिलाबादकडचे परधान घरी मराठी बोलतात आणि घराणं गायला बसले की गोंडीत गातात. मेसराम कुळातली नवी सून तर नागोबापुढे हजर केल्याशिवाय कुळात धरतच नाहीत. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या जत्रेत हा 'भेटिंग'चा विधी होतो, त्यासाठी कुळातली माणसं पायी चालत गोदावरीचं पाणी आणतात, आमच्याच जिल्ह्यातल्या जन्नारम मंडळातून. सून पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर, देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे एकदा उभी राहिली की झाली नोंद. नक्कल मागायची सोय नाही, म्हणून चूकही नाही. आमच्याकडे सून आली की पहिलं तिचं नावच पुसायचं, आणि मग ऐंशी वर्षांनी ते शोधत पणतूला तहसीलला पाठवायचं.

शेवटी मी धाकट्या आजीकडे गेलो. धाकटी आजी म्हणजे डेपोवाल्या आबांची धाकटी सून, आमच्यात तेवढीच उरली आहे त्यांना डोळ्यांनी पाहिलेली. सत्याऐंशी वर्षांची आहे, कान पक्के, दात दोन, आठवण कुणाच्या लग्नात कुणाला कमी आहेर झाला इथपर्यंत शाबूत. ती ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे, शिरा तिसरीकडे. मी दादाला फोनवर घेतला आणि आवाज मोठा केला. दादा अर्जनवीसाच्या टेबलाशीच बसला होता, पलीकडून टाइपिंगची टकटक येत होती.

"आजी, आबांचं नाव काय होतं?"

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिच्याकडे पाटल्या मागितल्या.

"मामाजीचं नाव मी घेऊ काय? जीभ झडन माही."

"अखंडराव होतं का?" फोनमधून दादा.

"कोन अखंड?" आजीनं चिंचोका उडवला. "तसं कोनी नव्हतं आपल्यात."

"बरं, थोरली आजी, म्हणजे तुझ्या सासूबाई, त्यांना काय म्हणायची?"

"काय म्हनन? 'आइकलं का' म्हने."

पलीकडची टकटक थांबली. बहुतेक अर्जनवीसानं 'आइकलं का' टाइप करून ठेवलं असावं.

मग मला सुचलं. नवऱ्याचं नाव बायको एरवी घेत नाही, पण एक जागा आहे जिथे तिला घ्यावंच लागतं. मी म्हटलं, "आजी, थोरली आजी उखाणा घ्यायची का गं?"

आजीचा चेहरा उजळला. चिंचा बाजूला झाल्या. "घे ना! माह्या लग्नात घेतला होता सासूबाईनं. समदा मांडव हासला होता." आणि तिनं डोळे मिटून, मान हलवत, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज काढला:

"गोदावरीच्या पान्यानं भरला तांब्याचा हंडा, सात जनम मागते मी… हूं-हूं-हूं."

"हूं-हूं-हूं काय?"

"तेच तर नाव हाय. ते मी कशी घेऊ?"

हंडा. मी त्या गाळलेल्या जागेकडे बघत राहिलो. आबाजी हंड्याला जुळत नाही. अखंडराव जुळत नाही. पेंटय्या तर मुळीच नाही.

"मार्तंडा!" दादा फोनमध्ये ओरडला. "मार्तंडराव! खंडोबाचं नाव! हंडा, मार्तंडा, बरोबर बसतं!"

पण मार्तंडाला मीम लागतो, आणि मास्तरांच्या कागदावर पहिला होता अलिफ. अ, इ, किंवा उ. मी वहीचं तिसरं पान उघडलं. दगडू, धोंडू, केरबा, कवडू… आणि आयुष्यभर तेलुगूत भाजी घेणारा मी, मला तेव्हा कुठे आठवलं की तेलुगूत 'पेंट' म्हणजे काय. शेणाकचऱ्याचा ढीग. उकिरडा. तिथे ठेवून उचललेलं पोर म्हणजे पेंटय्या. पहाणी लिहिणाऱ्या पटवाऱ्यानं पणजोबांना नाव विचारलं असेल, मग त्याचा अर्थ विचारला असेल, आणि प्रामाणिकपणे तेलुगूत करून टाकलं असेल. वर आदरार्थी 'अय्या'ही लावला. ना अखंडराव, ना मार्तंडराव. उकिरडेराव.

"दादा," मी म्हणालो, "उकंडा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता.

"गटावर मी श्रीमंत टाकलंय," दादा शेवटी म्हणाला.

"श्रीमंत उकंडा टाक. उकिरड्यात पैसा असतो."

"तू गप रे. आजी, तूच सांग, उकंडाच का?"

आजी खुदकन हसली, दोन्ही दात दाखवून, आणि पदर तोंडाला लावला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण थोरल्या आजीनं भर मांडवात ते नाव घेतलं तेव्हा लोक का हसले असतील, ते मला कळलं. हंड्याला दुसरं काय जुळवणार बिचारी!

आता अर्जनवीसाचा आवाज आला, कोरडा, व्यवहारी. "दादा, आबाजी ऊर्फ उकंडा ऊर्फ पेंटय्या, एकच व्यक्ती असल्याबाबत प्रतिज्ञापत्र, असं करतो. पण तिन्ही जोडणारं कागदोपत्री काहीच नाही. हा उखाणा जोडायचा असेल तर लिहून घ्या, खाली आजीबाईंचा अंगठा लागेल. आणि गाळलेल्या जागी नाव त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे."

मी आजीकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. चिंचेचं सूप परत पुढे ओढत ती म्हणाली, "आंगठे पायजे तेवढे घ्या म्हना त्याले. नाव नाई घेत मी."